वाचक विचारतात: स्पेशल इंग्लिश, बीपीएड आणि मधल्या वाटा

बारावी आणि बी.ए.चे निकाल लागले की इंग्रजी आणि शारीरिक शिक्षण या दोन विषयांबद्दल पत्रांचा ढीग येतो. या वेळी त्यातले सात प्रश्न घेतले आहेत. स्पेशल इंग्लिश म्हणजे बी.ए.ला मुख्य विषय म्हणून घेतलेलं इंग्रजी आणि बीपीएड म्हणजे शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या शिक्षकाची पदवी. एकाच मुद्द्यावर अनेकांनी लिहिलं होतं तिथे पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी एफ.वाय.बी.ए.ला आहे. इंग्रजीला दोन क्रेडिट आणि खेळालाही दोन क्रेडिट. मग खेळाचे तास दुप्पट का लावले आहेत? आणि खेळाचे क्रेडिट खरंच धरतात का?

धरतात. नवं शैक्षणिक धोरण राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात तुमचं इंग्रजी 'क्षमता संवर्धन' गटात येतं. खेळ, योग, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक उपक्रम 'सहअभ्यासक्रम' गटात येतात. दोन्ही गटांचे क्रेडिट पदवीच्या बेरजेत मोजले जातात. तीन वर्षांच्या पदवीला एकूण १२० ते १३२ क्रेडिट लागतात. खेळाचे दोन राहिले, तर मुख्य विषयात पहिला वर्ग असूनही पदवी अडते.

तासांचा हिशेब असा. वर्गातल्या शिकवण्याचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणून इंग्रजीचे ३० तास होतात आणि मैदानावरचे ६०. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हे ६० तास म्हणजे आठवड्याला चार.

गाडी अडते ती हजेरीवर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेलेल्या मुलांची इंग्रजीच्या तासाला गैरहजेरी लागते आणि अंतर्गत चाचणीही बुडते. परत आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. संघनिवडीची यादी लागली की क्रीडा संचालकांच्या सहीचं पत्र तारखांसह इंग्रजीच्या प्राध्यापकांना आधीच द्या आणि त्याची पोच घ्या. चाचणी पुन्हा घेणं त्यांच्या हातात असतं. मात्र गुण विद्यापीठाला कळवून झाल्यावर त्यांचाही इलाज चालत नाही.

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकले. कथा-कविता वाचायला आवडतात, पण बोलताना अडखळते. स्पेशल इंग्लिश घ्यावं का? उच्चारशास्त्राच्या पेपरची सगळे भीती घालतात.

बोलताना अडखळणं हे स्पेशल इंग्लिश न घेण्याचं कारण होऊ शकत नाही. पदवीची परीक्षा बहुतांशी लेखी असते. तुम्ही स्वतःला एवढंच विचारा: अडीचशे पानांची कादंबरी शब्दकोश हाताशी घेऊन तीन आठवड्यांत वाचून होईल का? रोज पंधरा पानं धरली तर सतरा दिवस पुरतात. हे जमत असेल तर विषय घ्या. वाचन नकोच वाटत असेल, तर अस्खलित बोलणाऱ्यालाही हा विषय जड जातो.

विद्यापीठागणिक पेपरांची नावं बदलतात, गाभा सारखाच राहतो: कविता, नाटक, कादंबरी, भारतीयांचं इंग्रजी लेखन, समीक्षा आणि भाषाविज्ञान. साहित्याच्या पेपरात गुण जातात ते गाइडमधला सारांश उतरवून काढल्यामुळे. 'कवितेतल्या प्रतिमांची चर्चा करा' असा प्रश्न असताना कवितेचा अर्थ सांगून थांबलं, तर निम्मे गुणही कठीण. प्रतिमा दाखवणारी ओळ उद्धृत करा, ती काय करते ते दोन वाक्यांत लिहा आणि पुढच्या ओळीकडे जा. अशा चार ओळी पाठ असल्या तर दीर्घोत्तरी प्रश्न निघतो. मराठी अनुवाद वाचायला आमची ना नाही, पण मूळ पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं झाल्यावर. आधी अनुवाद वाचला की मूळ हातात घ्यायचा कंटाळा येतो, हे सर्रास दिसतं.

आता उच्चारशास्त्र. हा पेपर गणितासारखा आहे: उत्तर बरोबर असलं की पूर्ण गुण. म्हणूनच मराठी माध्यमाच्या मुलांना तो साहित्याच्या पेपरापेक्षा सोपा जातो. प्रमाण ब्रिटिश उच्चारात ४४ ध्वनी धरतात: २४ व्यंजनं, १२ साधे स्वर आणि ८ संयुक्त स्वर. व्यंजनांच्या कोष्टकात उच्चारस्थान आणि उच्चारपद्धती असते. कंठ्य, तालव्य, ओष्ठ्य ही वर्गवारी आपल्या वर्णमालेतच असल्यामुळे कल्पना नवी नसते. नव्याने शिकायची ती फक्त चिन्हं.

अडचण मुख्यतः चार ठिकाणी येते. इंग्रजीत 'व'चे दोन ध्वनी आहेत. एकात वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि दुसऱ्यात फक्त ओठ गोल होतात. मराठीत दोन्हींसाठी एकच अक्षर असल्याने कानाला फरक कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ 'ऑ'चंही तसंच: लहान पलंगाला म्हणतात तो 'कॉट' आणि 'पकडला' या अर्थाचा 'कॉट' देवनागरीत एकसारखे लिहिले जातात, पण इंग्रजीत दुसऱ्यातला स्वर दीर्घ आहे. तिसरी अडचण म्हणजे बिनआघाताचा, म्हणजे बोलताना जोर न दिलेला, पुसट 'अ'. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर तोच आहे, तरी लिप्यंतर करताना मुलं स्पेलिंग पाहून तिथे पूर्ण स्वर टाकतात.

चौथी अडचण आघाताची. आघाताची खूण आघात असलेल्या अवयवाच्या (सिलेबलच्या) आधी, वरच्या बाजूला येते. ती नंतर लिहिली तर अख्खा शब्द चुकीचा धरतात. आघाताचे नियम थोडेच आहेत आणि ते पाठ करण्यासारखे आहेत. शेवटी 'शन' असेल तर आघात त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर पडतो. 'एज्युकेशन'मध्ये तो 'के'वर आहे. शब्द लांबला की आघात सरकतो: 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या अवयवावर, 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर. उच्चारचिन्हं देणारा शब्दकोश घ्या आणि रोज दहा शब्द न बघता लिहून ताडून पाहा. जूनपासून सुरुवात केलीत तर दिवाळीपर्यंत हात बसतो.

प्रश्न : बी.ए.ला ४८ टक्के आहेत. कॉलेजच्या कबड्डी संघात होतो, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही तिसरे आलो. प्रमाणपत्रावर मात्र फक्त 'सहभाग' लिहिलं आहे. बीपीएडला प्रवेश मिळेल का?

मिळू शकतो, पण हे प्रमाणपत्र बदलून आणावं लागेल. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या निकषांत बीपीएडला यायच्या अनेक वाटा आहेत. कोणतीही पदवी ५० टक्क्यांनी असेल, तर आंतरमहाविद्यालयीन, जिल्हा किंवा शालेय स्पर्धेतला नुसता सहभाग पुरतो. टक्के ४५ ते ५०च्या मध्ये असतील तर नुसता सहभाग चालतो तो राज्य, राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ पातळीवरचा. आंतरमहाविद्यालयीन किंवा जिल्हा पातळीवर पहिल्या तिघांत यावं लागतं. तुम्ही तिसरे आलात, म्हणजे वाट आहे. ती कागदावर दिसत नाही इतकंच.

स्पर्धा ज्या महाविद्यालयाने भरवली तिथून किंवा विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाकडून क्रमांक लिहिलेलं प्रमाणपत्र मागा. सोबत अंतिम निकालपत्रक आणि तुमचं नाव असलेली संघयादी जोडा. निकालपत्रकात संघाचं नाव असतं, खेळाडूंचं नसतं. म्हणून संघयादी नसेल तर अर्ज परत येतो. स्पर्धा मान्यताप्राप्त संस्थेची असणंही आवश्यक आहे. गावच्या मंडळाची चषक स्पर्धा कितीही मोठी असली तरी इथे उपयोगाची नाही.

आणखी एक वाट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पदवीला शारीरिक शिक्षण हा अनिवार्य किंवा ऐच्छिक विषय अभ्यासला असेल तर ४५ टक्क्यांवर पात्रता मिळते. जे अजून पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत आणि ज्यांच्या महाविद्यालयात हा विषय आहे, त्यांनी याचा विचार आत्ताच करावा. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत आहे. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र विद्यापीठाकडूनच घ्या. स्वतः काढलेला आकडा धरत नाहीत.

राज्यातल्या प्रवेशासाठी सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची परीक्षा आहे आणि लेखीबरोबर मैदानी चाचणीही. नुसती लेखीची तयारी करून मैदानावर उभे राहणारे दरवर्षी मागे पडतात.

प्रश्न : बीपीएड, बीपीईएस आणि पतियाळाचा डिप्लोमा यांत फरक काय? शाळेत नोकरी हवी आहे.

शाळेत नोकरी हवी तर बीपीएड. पदवीनंतरचा हा दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम आहे आणि तो माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाची व्यावसायिक पात्रता देतो. बीपीईएस ही शारीरिक शिक्षण आणि क्रीडा या विषयाची बारावीनंतरची तीन वर्षांची पदवी. ती चांगली आहे, पण तिच्यावर थांबलं तर शिक्षकपदाची पात्रता पुरी होत नाही, पुढे बीपीएड करावंच लागतं. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था प्रशिक्षक घडवते. तिचा डिप्लोमा एका खेळापुरता असतो आणि अकादमी, क्रीडा प्रबोधिनी किंवा संघाचं प्रशिक्षकपद हवं असेल तिथे त्याला वजन आहे. डिप्लोमा बीपीएडची जागा घेत नाही आणि बीपीएड डिप्लोमाची. बीपीएड पत्राद्वारे होत नाही. तसं कुणी सांगत असेल तर पैसे भरू नका.

प्रश्न : बीपीएडच्या मैदान आखणीच्या प्रात्यक्षिकात दोनदा गुण गेले. व्हॉलीबॉलचं मैदान तिरकं आलं आणि धावपट्टीचा स्टॅगर (बाहेरच्या लेनची सुरुवात जितकी पुढे घेतात ते अंतर) चुकला असं परीक्षक म्हणाले. स्टॅगर तर पुस्तकातला, ७.०४ मीटरच दिला होता.

व्हॉलीबॉलचं आधी. मैदान तिरकं येतं कारण काटकोन डोळ्यांनी काढला जातो. नऊ मीटरची अंतिम रेषा घ्या आणि तिच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. एका टोकाशी टेपचं शून्य धरून बाजूच्या दिशेने १२ मीटरवर कमान काढा. दुसऱ्या टोकावरून १५ मीटरची कमान काढा. दोन्ही कमानी छेदतील तिथे काटकोनाची बाजू जाते. ९-१२-१५ हा ३-४-५चाच तिप्पट त्रिकोण आहे. लहान ३-४-५ वापरला तर दोन सेंटिमीटरची चूक १८ मीटरच्या टोकाला बारा सेंटिमीटरपर्यंत वाढते, म्हणून त्रिकोण मोठा घ्यावा. चारही कोपरे झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. १८ बाय ९चा कर्ण २०.१२ मीटर यायला हवा आणि दोन्ही कर्ण सारखे. कबड्डीच्या १३ बाय १०ला तो १६.४० आणि खो-खोच्या २७ बाय १६ला ३१.३८. कर्ण मोजण्याआधी फक्की मारायची नाही. टेप सैल धरला की पोट येतं आणि अंतर कमी पडतं, तेव्हा दोघांनी ताणून धरावा.

व्हॉलीबॉलच्या पाच सेंटिमीटरच्या बाजूच्या आणि अंतिम रेषा मापाच्या आत येतात. आक्रमण रेषेची मागची कड मध्यरेषेच्या मध्यापासून तीन मीटरवर. इथेही गुण जातात.

आता स्टॅगर. ७.०४ हा आकडा बरोबर आहे, पण तो कर्ब असलेल्या धावपट्टीचा. कर्ब म्हणजे आतल्या बाजूची उंच कड. ती असेल तर पहिल्या लेनचं अंतर कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात आणि बाकीच्या लेनचं आतल्या रेषेपासून २०. लेनची रुंदी १.२२ मीटर. म्हणजे पहिल्या दोन लेनच्या मोजरेषांत १.१२ मीटरचा फरक. त्याला २π ने गुणलं की ७.०४. दुसरीपासून पुढे प्रत्येक लेनला फरक १.२२, म्हणजे ७.६७.

तुमची धावपट्टी फक्कीची. तिथे कर्ब नाही, त्यामुळे पहिली लेनही २० सेंटिमीटरवरच मोजायची. मग दुसऱ्या लेनलाही ७.६७च लागतो, तिसऱ्या लेनला १५.३३, चौथ्या लेनला २३ मीटर. पाठ केलेला आकडा तुम्ही चुकीच्या मैदानावर वापरलात. हे स्टॅगर पूर्ण एका फेरीच्या शर्यतीचे आहेत आणि त्रिज्येवर अवलंबून नाहीत. ट्रॅक दोनशेचा असो की चारशेचा, एका फेरीला हेच. दोनशेच्या ट्रॅकवर ४०० मीटर पूर्ण लेनमधून धावायचे असतील, तर दुप्पट.

शाळेच्या मैदानावर दोनशेचा ट्रॅक बसवायचा असेल तर पुढचं माप सोयीचं पडतं. आतली त्रिज्या १५ मीटर. मोजरेषेची त्रिज्या १५.२०, तिचं पूर्ण वर्तुळ ९५.५० मीटर. उरलेले १०४.५० दोन सरळ बाजूंत वाटले की प्रत्येकी ५२.२५. चार लेन धरल्या तर ९२ बाय ४० मीटर जागा जाते. भोवती दीड मीटर मोकळं सोडून ९५ बाय ४३चं मैदान हवं. आधी मध्यरेषा आखा. तिच्यावर ५२.२५ मीटर अंतराने दोन खुंट्या ठोका, या अर्धवर्तुळांच्या केंद्रखुंट्या. कमानी टेपनेच काढा. सुतळी ताणली की लांबते, मग शेवटच्या लेनची कमान सरळ रेषेला मिळत नाही.

प्रश्न : बीपीएड करतानाच एम.ए. इंग्रजी करता येईल का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२मध्ये दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली. एक नियमित आणि दुसरा मुक्त किंवा ऑनलाइन, असं चालतं. दोन्ही नियमित असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. बीपीएडचा दिवस पहाटे मैदानावर सुरू होतो, तेव्हा व्यवहारात एम.ए. मुक्त विद्यापीठातूनच शक्य आहे. इग्नूचं एम.ए. इंग्रजी आहे. आयोगाची मान्यता असलेल्या मुक्त शिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरली जाते. मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्यांच्या परिषदेचे नियमही लागू होतात, म्हणून प्रवेशाआधी बीपीएड महाविद्यालयाकडून लेखी होकार घ्या.

आमचं मत विचाराल तर घाई नको. सराव पाठ आणि एम.ए.च्या परीक्षा एकाच महिन्यात आल्या की दोन्हीकडे पन्नासच्या आसपास गुण मिळतात. आणि सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. शाळेतच इंग्रजी शिकवायचं असेल, तर एम.ए.च्या आधी बीएड. इंग्रजी माध्यमाच्या बीएडसाठी राज्यात सीईटीबरोबर ईएलसीटी ही इंग्रजीची वेगळी चाचणी द्यावी लागते. मराठी माध्यमाची मुलं ती अर्जात निवडायला विसरतात.

प्रश्न : एमपीएड (शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी) झालं. महाविद्यालयात क्रीडा संचालक व्हायचं आहे. नेट पुरेशी आहे का? शारीरिक क्षमता चाचणीत काय असतं?

नेट किंवा सेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा) हवी, पण ती एकटी पुरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार एमपीएडला ५५ टक्के, विद्यापीठ किंवा महाविद्यालयाच्या संघातून खेळल्याची नोंद आणि क्षमता चाचणी हेही लागतं. नेटमध्ये शारीरिक शिक्षणाचा संकेतांक ४७ आहे. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, मिळून ३०० गुण आणि तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. पहिला पेपर सर्व विषयांना समान असतो आणि त्यात उताऱ्यावरचे प्रश्न, आकडेमोड, तर्क येतात. मैदानावरची मुलं इथेच गुण सोडतात.

क्षमता चाचणीत पुरुषांना १२ मिनिटं धावणं-चालणं असतं: तिशीपर्यंत १८०० मीटर, चाळिशीपर्यंत १५००, पंचेचाळीसपर्यंत १२००, पन्नाशीपर्यंत ८००. स्त्रियांना आठ मिनिटं आणि त्याच वयोगटांना १०००, ८००, ६००, ४००. अठराशे मीटर म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर साडेचार फेऱ्या, प्रत्येक फेरी २ मिनिटं ४० सेकंदांत. आठ मिनिटांत हजार मीटर म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंदांची फेरी. हा वेग नियमित धावणाऱ्याला अवघड नाही. तरी लोक अडकतात, कारण पहिली फेरी दोन मिनिटांत मारतात आणि तिसरीला चालायला लागतात. सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा ठरल्या वेगाने फेऱ्या मारा. मनगटी घड्याळ लावा आणि दर दोनशे मीटरला वेळ पाहा: पुरुषांना १ मिनिट २० सेकंद, स्त्रियांना १ मिनिट ३६. पहिल्या दोनशेला घड्याळ यापेक्षा दहा सेकंद कमी दाखवत असेल तर तिथल्या तिथे वेग उतरवा.